शोभाताईंची उघडी रेघ

वर्गात कोणी कोणाला काकू म्हणायचं नाही, हा नियम आमच्या एम. ए.च्या वर्गाला शोभाताईंनी पहिल्याच दिवशी घालून दिला. अमरावतीला अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही नुकतेच जागा धरून बसत होतो. साडी नेसलेल्या, पन्नाशीला टेकलेल्या एक बाई दारातून आत आल्या, तेव्हा तिवशाच्या एका पोरानं उठून मोठ्या अदबीनं विचारलं, "काकू, कोनाच्या ॲडमिशनचं पाहाले आल्या?" बाईंनी पहिल्या बाकावर पर्स ठेवली, पाण्याची बाटली काढून दोन घोट घेतले आणि मग म्हणाल्या, "माह्याच. आन् काकू घरी म्हनजो. इथं मी तुह्यासंगं शिकून राहिली, इथं ताई." पोरगा इतका ओशाळला की पुढं दोन वर्षं त्यानं त्यांना ना काकू म्हटलं, ना ताई. तो नुसतं "अजी" म्हणायचा.

शोभाताई इंगळे अकोल्याच्या. सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरायचं, तिथून ऑटोनं अमरावती, आणि संध्याकाळी त्याच वाटेनं परत. कडक इस्त्रीची सुती साडी आणि तिच्याखाली धावायचे पांढरे बूट, हा त्यांचा वेष शेवटपर्यंत बदलला नाही. मुली बुटांकडे पाहून एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. "बडनेऱ्याचा पूल चपलीनं पयून दाखव, मंग हास," असं शोभाताई मान न वळवता सुनवायच्या. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायच्या, त्यामुळे वेळ बघताना त्या कोणाला तरी काही मागताहेत असं वाटायचं.

खरं सांगायचं तर त्या वर्गात अर्थशास्त्र शिकून आलेले थोडेच होते. कोणी इतिहासवाला, कोणी राज्यशास्त्रवाला. मी मोर्शीची, वनस्पतिशास्त्राची पदवी घेतलेली. या विषयाला जागा रिकाम्या असतात, एवढंच आमच्यापैकी बऱ्याच जणांना त्याबद्दल ठाऊक होतं. राऊत सरांनी एकेकाला उभं करून पदवीचे विषय विचारले. शोभाताई उठल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "गृहअर्थशास्त्र, मराठी वाङ्मय आन् संगीत." वर्ग खो खो हसला. सरही हसू दाबत म्हणाले, "संगीत कामी पडेल तुम्हाला." शोभाताई तोंडावर हात ठेवून स्वतःही हसल्या. हसणं ओसरलं तसं त्यांनी विचारलं, "सर, पहिल्यापासून सांगसान ना?"

"पदवीपर्यंतचं येतं असं धरून आपण पुढं जातो, ताई."

"माह्यं तेच तं राह्यलं ना."

सरांना तेवढा वेळ नव्हता. ते पुढं गेले. आम्हीही गेलो, म्हणजे गेल्यासारखं केलं. न समजता मान हलवण्याची कला आमच्या पिढीला शाळेपासून अवगत आहे. शोभाताईंना ती कधीच जमली नाही. सर फळ्यावर काही लिहून वळले की त्या हात वर करायच्या आणि आधी एक वाक्य हमखास म्हणायच्या, "समजलं नाही, पन लिहून घेतलं." जणू सरांना वाईट वाटू नये. मग प्रश्न. बदलाचा दर शिकवला तेव्हा, डीवाय भागिले डीएक्स लिहिलेलं पाहून त्यांनी वरचा डी आणि खालचा डी सरळ काटून टाकला होता. सरांनी वही पाहिली आणि खुर्चीत बसले. "दोन्हीकडं सारखं असलं का काटाचं, हे तुमीच शिकवलं," त्या म्हणाल्या. सातवीतलं गणित त्यांना बरोबर आठवत होतं. मधलं सगळंच गायब होतं.

पण जिद्द म्हणाल तर ती चक्रम म्हणावी अशी. सरांची परवानगी काढून त्या प्रत्येक तास मोबाइलवर रेकॉर्ड करायच्या आणि घरी स्वयंपाक करताना लावायच्या. फोडणीत मोहरी तडतडतेय आणि वर सरांचा आवाज, मागणीची लवचीकता. त्यांच्या घरी दोघंच. मिस्टरांचं बियाण्या-औषधांचं दुकान होतं. माणूस शांत, सकाळी जायचा, रात्री यायचा, टीव्ही लावून जेवायचा. शिकायला जाते म्हटल्यावर "जा, घरी तरी काय करतेस" एवढंच म्हणाला. पुढं एकदा काही कामानं ते अमरावतीला आले आणि शोभाताईंनी सरांशी ओळख करून दिली. सर "नमस्कार, बसा" म्हणाले मात्र, मिस्टर दचकले. "अरे, तुमीच काय ते?" म्हणाले, "रोज आमच्या घरी भाजी होईपर्यंत बोलता ना जी तुमी." पुढचे कितीतरी दिवस सर तासाला येऊन रेकॉर्डिंग सुरू झालेलं दिसलं की हळूच विचारायचे, "आज काय भाजी आहे?"

हसणं एवढंच. बाकी वेळ शोभाताई एकट्या असायच्या. हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण तसंच होतं. वर्गाचे कंपू पडले, त्यात त्या कुठल्याच कंपूत बसल्या नाहीत. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या रोज सकाळी फुलांचं चित्र टाकून 'शुभ सकाळ' म्हणायच्या. कोणी उत्तर द्यायचं नाही. थोड्याच दिवसांत त्यांना सोडून दुसरा ग्रुप निघाला. मधल्या सुट्टीत आम्ही कँटीनला जायचो. त्या बाकावर डबा उघडून पुस्तक समोर ठेवून जेवायच्या आणि पुस्तकाशी बोलायच्या. "थांब जरा. हे कुठून आनलं तू?" एकदा पावसानं कँटीनला जाता आलं नाही म्हणून मी त्यांच्या बाकावर बसले. माझं गाव मोर्शी म्हटल्याबरोबर त्यांनी डब्यातली अर्धी भाजी माझ्या झाकणात ओतली. त्यांचं माहेर त्याच बाजूचं. माहेरचे माळी, भाजी-फुलांचा मळा. त्या दिवसापासून मी त्यांची झाले, विचारलं-बिचारलं नाही त्यांनी.

त्यांचं घोडं खरं अडलं ते समवृत्ती वक्रापाशी.

विषय तसा अवघड नाही. आमचा मुलूख संत्र्यांचा, म्हणून सर उदाहरणाला संत्र्यांवर आले होते. समजा तुमच्याकडे संत्री आहेत आणि केळी आहेत. दोन संत्री कमी झाली, त्या बदल्यात थोडी केळी जास्त मिळाली आणि मन होतं तेवढंच समाधानी राहिलं, तर हे दोन्ही बिंदू सारखेच. असे सगळे सारख्या समाधानाचे बिंदू जोडत गेलं की वरून खाली उतरत येणारी एक बाकदार रेघ तयार होते. तोच समवृत्ती वक्र. मग सरांनी एक सरळ रेघ मारली. ही बजेट लाइन, तुमच्या ऐपतीची रेघ. ती वक्राला जिथं नुसता स्पर्श करते तिथं तुमचं सर्वांत जास्त समाधान. कापून जाते तिथं नाही.

"म्हनजे चाटून गेली पायजे, कापून नाही," शोभाताई म्हणाल्या.

"अगदी बरोबर," सर म्हणाले. परीक्षेपर्यंत आख्खा वर्ग "चाटून, कापून नाही" असंच पाठ करत होता. शोभाताई त्या दिवशी फार खूश होत्या.

चाचणीचे पेपर परत मिळाले तेव्हा सर त्यांच्या बाकापाशी थांबले. "ताई, हा वक्र आहे का केळ आहे?" शोभाताईंनी रेघ छान काढली होती, वरून खाली, बाकदार, आणि मग खालचं टोक वळवून परत वरच्या टोकाला नेऊन जोडलं होतं. पुढच्या चाचणीत पुन्हा तेच. शेवटी सरांनी त्यांना फळ्यापाशी बोलावलं. त्यांनी खडू घेतला, रेघ खाली आणली, टोकाशी थांबल्या. मग आम्ही सगळे बघत असताना हात हळूहळू वळून वर निघाला. मागच्या बाकांवरून हशा आला. सर वैतागले. "अहो ताई, सोडून द्या ना तिला! कागदाबाहेर जाते ती. कुठवर जाते ते कोणालाच माहीत नसतं!" शोभाताईंनी खडू खाली ठेवला, हात झटकले आणि जागेवर येऊन बसल्या.

सुट्टीत मी विचारलं, "ताई, काहून जोडता तुमी ते?"

"जोडत नाही वं मी. हातच जोडते." मग पोळीचा तुकडा मोडत म्हणाल्या, "माही आई रोज दारात रांगोळी काढे. मी पाच-सहा वर्साची असन, मले संगं बसवे. रेघ सोडून उठली का हातावर चापट. म्हने, रेघ उघडी ठेवली का घरचं मानूस बाहीर राह्यते. आता एवढ्या वर्साची सवय हाये, कशी जाईन?"

"तुमी मानता ते?"

"मी नाही मानत. हात मानते."

मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

ते लक्षात आलं बडनेऱ्याच्या फलाटावर. पहिल्या सत्राची परीक्षा संपली होती आणि मामेबहिणीच्या लग्नाला मला अकोल्याला जायचं होतं, म्हणून मी त्यांच्या बरोबर निघाले. गाडीला उशीर होता. संध्याकाळचं ऊन फलाटावर लांब पसरलं होतं. शोभाताईंनी बूट काढून पाय बाकावर घेतले, घड्याळ पाहिलं आणि एकदम म्हणाल्या, "आज रविवार असता तं आता फोन आला असता."

मग त्यांनी ऋतुजाचं सांगितलं. एकुलती एक मुलगी. शाळेपासून हुशार, पुण्याला शिकली, अर्थशास्त्रात काय काय करून आता दिल्लीला एका संस्थेत महागाईवर काम करत होती. माझ्याहून जराशी मोठी. रविवारी फोन करायची, कधी चुकवायची नाही.

"पोरगी चांगली हाये माही, वाईट काईच नाही," त्या म्हणाल्या. "बरी आहेस का, जेवलीस का, काय भाजी केली. मी सांगते, वांग्याची केली. ते म्हनते, छान. मंग दोघी चूप. आमच्या दोघीत बोलाले आता भाजीच राह्यली, अश्विनी."

त्यांनी एकदा तिला विचारलं होतं, तू तिथं दिवसभर नेमकं करतेस काय. ती त्या दिवशी दमलेली होती. प्रेमानंच म्हणाली, "राहू दे गं आई, तुला नाही समजणार."

"तिनं खोटं नाही सांगतलं," शोभाताई म्हणाल्या. "नाहीच समजत होतं. मंग मी म्हनलं, कोन्या वर्गात शिकवतात ते? जाऊन बसाव तिथं."

मी फलाटावरच त्यांच्याकडे वळून बसले. "तिले माहीत हाये, तुमी एम. ए. करून राहिल्या?"

"नाही. आन् सांगाचंबी नाही. सांगतलं का कौतुक करन. 'वा आई' म्हनन. मले 'वा आई' नाही पायजे. तिच्या इषयातलं काई तरी माह्यापाशी पाहून तिनं स्वतः ओयखलं पायजे. म्हनलं पायजे, आई, हे तुले कसं समजलं?" गाडी येताना दिसली तशा त्या बूट घालायला वाकल्या. "तवा मी सांगीन. पहिल्यापासून सांगीन."

मी त्यांचा डबा आणि पिशवी उचलली. गाडीत मूर्तिजापूरपर्यंत त्या झोपल्या, मान माझ्या खांद्यावर. जाग आली तेव्हा अर्धवट डोळे उघडून म्हणाल्या, "ऋतू, आलं का अकोला?" मी "नाही अजून" म्हटलं. मला ते आवडलं होतं, हे कबूल केलं पाहिजे.

निकालात शोभाताईंचे बाकी पेपर सुटले आणि सूक्ष्म अर्थशास्त्राचा बॅक राहिला. पुढच्या परीक्षेला तो पुन्हा राहिला. एका वक्रामुळे कोणी नापास होत नाही. पण तो वक्र आला की त्या गडबडायच्या, रेघ जोडायच्या, खोडायच्या, पुन्हा काढायच्या, आणि त्यात वेळ जायचा तो जायचाच. मग त्यांनी ठरवलं की हाताला दारातच शिकवायचं. घरासमोर काळ्या शहाबादी फरश्यांचं छोटं अंगण होतं. पायरीची कड हा आडवा अक्ष, भिंतीची कड हा उभा अक्ष, आणि मधे रांगोळीनं समवृत्ती वक्र. रोज सकाळी, गाडीला निघायच्या आधी. फोटो मला पाठवायच्या. पहिले कित्येक फोटो केळ्यांचेच होते. मग एक दिवस वरचं टोक उघडं राहिलं. खाली लिहिलं होतं, 'एक बाजू जमली.'

ज्या दिवशी दोन्ही टोकं उघडी राहिली त्या दिवशी त्या चहा ठेवायला आत गेल्या. तेवढ्यात शेजारच्या वहिनी दूध घेऊन येत होत्या. त्यांना वाटलं, शोभाताईंना कोणी हाक मारली असेल, अर्धवटच राहिली बिचारीची रांगोळी. त्या भल्या बाईनं वाकून चिमटीनं रेघ पूर्ण केली, आत चार पाकळ्या काढल्या आणि वर हळदकुंकवाची बोटंही ठेवली. शोभाताईंनी त्याचाही फोटो पाठवला. 'आता काय पुऱ्या कॉलनीले शिकवू का?' मी खोलीवर एकटी हसत सुटले. हसून झाल्यावर पुन्हा तो फोटो बघितला, तेव्हा मात्र हसू आलं नाही.

आम्ही पास होऊन पांगलो. शोभाताईंचा तो एक पेपर राहिला आणि त्यासाठी त्या आणखी एक वर्ष अमरावतीला जात राहिल्या. सर त्यांना खालच्या वर्गात बसू द्यायचे. एकदा मार्कशीट आणायला गेले होते तेव्हा मी त्यांना दारातून पाहिलं. तेच पहिलं बाक, तोच डबा, समोर पुस्तक. एक पोरगी आत शिरताना "सरका ना थोडं काकू" म्हणाली. शोभाताई सरकल्या.

त्याच वर्षी त्यांनी ऋतुजाला प्रश्न विचारायचा एक प्रयत्न केला. धीर निघाला नसावा. रविवारच्या फोनची आठवडाभर तयारी केली होती. भाजी पावसानं नासते म्हणून महाग होते, मग व्याजाचा दर वाढवून भाजी स्वस्त कशी होणार, असा तो प्रश्न होता. चांगला होता. मी सरांनाही दाखवला होता, सर म्हणाले, यावर तर मोठमोठे लोक भांडतात. शोभाताईंनी तो फोनवर एका दमात विचारला. पलीकडून ऋतुजा म्हणाली, "आई, हे कुठून आलं? व्हॉट्सॲपवर का? असलं काही वाचत जाऊ नकोस गं, सगळं खोटं असतं. बरं, जेवलीस का?"

"मी म्हनलं महागाईवर बोलू," शोभाताई मला सांगत होत्या, "आन् फिरून भाजीवरच आली." त्यांनी हे हसत सांगितलं. मला त्या पोरीचा इतका राग आला की मी फोन करते म्हणाले. त्यांनी माझ्या हातातला मोबाइल काढून घेतला आणि स्वतःच्या पर्समधे ठेवला. मी निघेपर्यंत परत दिला नाही.

तोपर्यंत मला अकोल्यातच एका कॉलेजात तासिकांवर शिकवायचं काम मिळालं होतं आणि मी त्यांच्या दोन गल्ल्या सोडून राहत होते. एका दुपारी तास सुटला आणि बघते तो फाटकाशी शोभाताई उभ्या, साडी, पांढरे बूट, धाप लागलेली. मला पाहून त्यांनी नुसता मोबाइल पुढं केला. त्यावर निकाल होता, सेकंड क्लास. तिथं पोरांच्या गर्दीत त्यांनी माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि रडल्या. मीही रडले. वॉचमन दुसरीकडे बघू लागला.

"आता तरी सांगा तिले," मी म्हटलं.

"दिवाळीले येऊन राहिली ना ते. दारातच दिसन तिले. तिचाच इषय हाये, तिले नाही ओयखू येईन तं कोनाले येईन?"

ऋतुजा यायच्या दिवशी त्यांनी मला सकाळीच बोलावून घेतलं. त्यांना साक्षीदार हवा असावा. फरशी धुऊन पुसून कोरडी केलेली. तीन वक्र काढले होते, एकावर एक, पांढरे, मधे कुठं रंग नाही, फूल नाही. सहाही टोकं उघडी. इतकी स्वच्छ रेघ मी पुस्तकातही पाहिली नव्हती. शेजारच्या वहिनींना हात लावू नका म्हणून आदल्या दिवशीच बजावून ठेवलं होतं.

ऑटो थांबला. ऋतुजा उतरली, उंच, आईसारखेच डोळे, कानात इयरफोन. कोणाशी तरी इंग्रजीत बोलत होती. आईला पाहून तिचा चेहरा फुलला, एका हातानं तिनं आईला घट्ट मिठी मारली, दुसऱ्या हातानं 'एक मिनिट' अशी खूण केली आणि चाकाची बॅग ओढत बोलत बोलत आत गेली. बॅगेची चाकं तिन्ही वक्रांवरून सरळ गेली. काळ्या फरशीवर एक तिरपी, पुसट रेघ उमटली.

मी तिला हाक मारायला तोंड उघडलं. शोभाताईंनी माझा हात दाबला. त्या रेघेकडे बघत होत्या.

"पाह्य," म्हणाल्या, "बजेट लाइन. पन कापून गेली. चाटून गेली पायजे होती." आणि हसल्या. मला नाही हसता आलं.

ऋतुजा वाईट पोरगी मुळीच नव्हती. असती तर मला तिच्यावर रागावणं सोपं गेलं असतं. तिनं आईसाठी दिल्लीहून उबदार शाल आणली, बाबांचा मोबाइल नीट करून दिला, आईला बसवून डोक्याला तेल लावलं. उरलेला वेळ ती लॅपटॉपवर असायची, नाहीतर झोपायची. वर्षभराची झोप राहिली होती तिची. शोभाताई रोज सकाळी तीच रांगोळी काढत होत्या. मी दोनदा म्हटलं, सांगून टाका. त्या म्हणाल्या, "सांगतलं का संपलं मंग."

भाऊबीज झाली आणि ती निघाली. त्यांचा फराळाचा डबा परत द्यायचा म्हणून मी नेमकी तेव्हाच पोचले. मिस्टर ऑटोत पिशव्या ठेवत होते. ऋतुजा बॅग घेऊन पायरीवर आली आणि थांबली. खाली बघितलं. शोभाताई माझ्या शेजारी उभ्या होत्या.

ऋतुजानं बॅग दोन्ही हातांनी उचलली. एकाही रेघेला धक्का लागू न देता, मोठं पाऊल टाकून ती रांगोळी ओलांडून गेली आणि बॅग पलीकडे अलगद ठेवली. मग वळली.

"आई, किती सुंदर गं! एकदम वेगळं डिझाइन आहे. नवीन शिकलीस?"

"हाव," शोभाताई म्हणाल्या. "तीन वर्सं लागले शिकाले."

"काहीही हं आई!" ऋतुजा हसली. मोबाइल काढून तिनं रांगोळीचा एक फोटो घेतला, आईला पुन्हा एकदा जवळ घेतलं, मलाही "येते हं" म्हणाली. ऑटोवाल्यानं हॉर्न दिला. मिस्टर तिला सोडायला तिच्या बरोबर गेले.

ऑटो वळणाआड गेला तरी शोभाताई तिकडंच बघत होत्या. डबा हातात तसाच होता. दिवाळीनंतर मला माझ्या गावीच काम मिळालं आणि मी अकोला सोडलं, त्यामुळे ती आमची शेवटची भेट ठरली. पण हे तेव्हा दोघींनाही माहीत नव्हतं.

"फोटो काढला तिनं," त्या म्हणाल्या.

"हो ना."

"कधी मोठा करून पाह्यन."

मी माझी स्कूटर सुरू करून गल्लीच्या टोकाशी वळून पाहिलं. शोभाताईंनी रांगोळी पुसली नव्हती. उघड्या टोकांना पदर लागू नये म्हणून तो आवरून त्या पायरीवर बसल्या होत्या, मोबाइल मांडीवर ठेवून. त्या दिवशी रविवार नव्हता.